हार्थवेलचा धाकटा

सेंट मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी राजाच्या अधिकाऱ्यापुढे फुल्क हार्थवेल एकवीस वर्षांचा असल्याचं सिद्ध झालं, जमीन घरी परत आली आणि सगळे सुखाने नांदू लागले. हे आपण ऐकलंच नाही असं धरू. हार्थवेलच्या घरातही तसंच धरून चालतात.

तर, फुल्क त्या सप्टेंबरात एकवीसचा झाला, याबद्दल त्याची थोरली बहीण हावीस हिला तिळमात्र शंका नव्हती. भाऊ आला त्याच दुपारी आई गेली. हावीस तेव्हा पाच वर्षांची होती. असा दिवस माणूस विसरत नाही. पण बहिणीची साक्ष चालत नसे. वडील राजाच्या लढाईत पडले तेव्हा फुल्क रांगत होता, म्हणून जमीन राजाकडे गेली आणि राजाने ती सांभाळायला दिली शेजारच्या सर ड्रोगोला. ड्रोगोचं सांभाळणं म्हणजे ओकची झाडं तोडून विकणं. वारस एकवीसचा झाला की जमीन त्याची. ड्रोगोच्या मते फुल्क एकोणीसचा होता. गेली तीन वर्षं तो एकोणीसचाच होता.

जन्माची नोंद पाद्रीबाबांनी प्रार्थनेच्या पोथीच्या समासात केली होती आणि पोथी चर्चबरोबर जळाली होती. अशा वेळी कायदा म्हणतो, गावातले बारा भले पुरुष बोलवा आणि एकेकाला विचारा, हा जन्मला तो दिवस तुला कशावरून आठवतो? आता एकवीस वर्षांपूर्वीचा मंगळवार कुणाच्या बापाला आठवतो? म्हणून जो तो कारभारी आपापले बाराजण पढवून ठेवतो. एक खरं सिद्ध करायला बारा थापा लागतात, याचं कुणाला काही वाटत नाही.

हार्थवेलचा कारभारी विस्टन यादी घेऊन आला. हावीसने ती वाचली.

"आठ जणांचे पाय मोडले?"

"बर्फ पडला होता, बाईसाहेब."

"सप्टेंबरात?"

"मग... ओल होती."

"विस्टनकाका, राजाचा माणूस येणार आहे, बैल नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या गावात एका दिवशी अकरा पाय मोडले. त्याने अख्खी चौकशी रद्द केली."

"निदान एकाचा तरी मोडू द्या," विस्टन काकुळतीला आला. "रीत आहे ती."

एक पाय तिने ठेवला. बाकी सगळ्या आठवणी स्वतः लिहून काढल्या. पाणचक्कीवाला गॅमेल शिडीवरून पडला, तो एक पाय त्याचा. मधमाश्या पाळणाऱ्या थर्स्टनने त्या दिवशी बायको पुरली. कुणाची गाय व्याली, कुणाची गंजी जळाली. लिहिताना तिला गंमत यायला लागली, आणि तिथेच घात झाला. तपशील जितका निरुपयोगी तितका तो खरा वाटतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. हार्थवेल घराण्याचा थोरला मुलगा राजाची तलवार उचलणार आणि धाकटा मठाचा झगा घालणार, हे पाच पिढ्या चालत आलेलं. या पिढीला धाकटाच नाही, हे अधिकाऱ्याला खटकेल, असं तिने स्वतःला पटवलं. गाडीवान ऑर्मसाठी तिने लिहिलं: पाठोपाठ दुसरा मुलगा झाला, नाव ओडो. तो रडला नाही. मी त्याला गाडीतून ऑस्विनच्या मठात नेऊन पोचवला.

मठ दोन दिवसांच्या वाटेवर होता. एवढं चालून खात्री करणारा अधिकारी अजून जन्मायचा होता.

"ताई, मला भाऊ करून दिलास," फुल्क चीज चावत म्हणाला. "विचारायचं तरी. मला बहीण चालली असती."

"एक आहे ना? ती तुला पुरते का बघ. चौकशीवर शिक्का बसेपर्यंतच आहे तो भाऊ."

चौकशी सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हार्थवेलच्या दिवाणखान्यात बसली. अधिकारी मास्टर रेनर हा सर्दीने बेजार झालेला, कुणावरच विश्वास नसलेला माणूस होता. ड्रोगो कोपऱ्यात सफरचंद खात होता. बारा जण रांगेत आले, आणि गॅमेल कुबडीवर आला.

हा जरा जास्तच करतोय, हावीसच्या मनात आलं. कालच्या सणात तो टेबलावर चढून नाचला होता.

"गॅमेल, पुरे आता," ती त्याच्याजवळ जाऊन पुटपुटली. "पाय तेव्हा मोडायचा होता, आज नाही."

"तेव्हाच मोडला ना, बाईसाहेब. चेष्टा करता होय गरिबाची? अख्खं गाव लंगडा म्हणतंय मला." त्याने पायमोजा खाली ओढला. नडगी वाकडी जुळली होती. व्रण जुना होता, पांढरा पडलेला.

तिने ड्रोगोकडे पाहिलं. यात त्याचा हात असणार. साक्षीदार फोडले असणार, म्हणजे वेळ आली की उलटतील. पण गॅमेलने तिने लिहिलेलं शब्दन् शब्द सांगितलं, आणि ड्रोगोचं तोंड आंबट होत गेलं.

मग थर्स्टन उभा राहिला. त्याने बायकोला पुरल्याचं सांगितलं आणि तो रडायला लागला. रडणं विस्टनने पढवलं नव्हतं. विस्टनला ते जमलंही नसतं.

तो जागेवर परतताना हावीसने त्याची बाही धरली. "तुझ्या बायकोने, गुनिल्डने, या शुक्रवारी मला मधाचं पोळं आणून दिलं, थर्स्टन."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "एकवीस वर्षं झाली, बाईसाहेब. तुम्ही लहान होता. तुम्हाला कुठली आठवणार?"

ती उठली आणि कोठीघरात गेली. पोळं फळीवर होतं, अर्धं खाल्लेलं. ते तिने हुंगून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं. बोट चिकट झालं. खिडकीतून चर्चमागचं दफनाचं आवार दिसत होतं. तिथे एका लाकडी क्रुसावर शेवाळ चढलं होतं. हा क्रूस तिने पूर्वी पाहिला नव्हता.

बाराव्या माणसाची, ऑर्मची, साक्ष थांबवायला हवी, एवढंच तिला समजलं. ती धावत परतली तेव्हा म्हातारा ऑर्म बोलतच होता.

"...तो काही रडला नाही, साहेब. गाडीतून मीच पोचवला."

"साहेब, हे खोटं आहे," हावीस म्हणाली. "सगळं मी लिहिलंय."

रेनरने नाक पुसलं. "बाईंची साक्ष घेता येत नाही. ऑर्म, तो मुलगा आता कुठे असतो?"

"बाहेर उभा आहे, साहेब. सकाळी मीच आणला गाडीतून."

विस्टनने दार उघडलं.

आत आलेल्याच्या अंगावर मठाचा झगा होता. झग्याचं टोपडं पुढे, तोंडावर ओढलेलं होतं.

बाकावर फुल्क एका बाजूला सरकला. वळून न बघता सरकला. जन्मभर कुणासाठी तरी सरकत आलेला माणूस सरकतो, तसा.

झगेवाला शेजारी बसला.

रेनरने शिक्का उमटवला.

जमीन परत आली. ड्रोगोच्या कुऱ्हाडी थांबल्या. हावीसने ओडोबद्दल इन मीन तीन ओळी लिहिल्या होत्या, आणि तो त्यांच्या बाहेर कधी गेला नाही. नाव होतं, झगा होता, आवाज नव्हता. चेहऱ्याविषयी तिने काहीच लिहिलं नव्हतं.

"फुल्क," एकदा जेवताना तिने विचारलं, "तो दिसतो कसा रे?"

"कोण, ओडो? आता हे तू मला विचारतेस? ताई, तूच तर त्याला..." फुल्क थांबला. वाक्य पुढे कुठे जाणार होतं ते त्याला आठवेना. "मीठ दे," तो म्हणाला.

टोपडं तिच्याकडे वळलेलं होतं.

त्याच आठवड्यात तिने अर्ज लिहिला आणि मेणाने बंद केला. तो असा:

"महाराजांच्या दप्तराचे प्रमुख यांचे सेवेशी. अर्जदार हावीस, राहणार हार्थवेल, नम्रपणे विनंती करते की, फुल्क हार्थवेल याच्या वयाची चौकशी पुन्हा भरवावी. त्याच बारा जणांना पुन्हा शपथ द्यावी आणि त्या मंगळवारी कुणाला काहीही झालं नव्हतं, असं त्यांच्याकडून वदवून घ्यावं. गॅमेलचा पाय सरळ असल्याचं व थर्स्टनची बायको जिवंत असल्याचं दप्तरी नोंदवावं. त्यापायी माझ्या भावाचं वय नामंजूर झालं व जमीन पुन्हा सर ड्रोगोकडे गेली तरी आमची हरकत नाही. अर्ज घेऊन येणारे बंधू ओडो यांस जेवू घालावं, उत्तर त्यांच्या हाती देऊ नये, व त्यांस परत पाठवू नये."