फ्रिजमधल्या किल्ल्या

प्रेमाला शांतता लागते, असे थोर लोक सांगून गेले आहेत. त्यासाठी आधी फ्रिज बंद करावा लागतो, हे मात्र एकानेही सांगितलेले नाही.

टॅम्सिनला ते मर्व्हने सांगितले. होबार्टच्या सरकारी रेडिओत ती ध्वनिमुद्रणाला लागून साडेपाच महिने झाले होते. कायम करायचे की घरी पाठवायचे, हे मर्व्हच ठरवणार होता. त्याचा धडा असा, की बाहेर मुद्रण करताना घरघरणारा फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यातच ठेवायच्या. निघताना किल्ल्यांसाठी तो उघडावाच लागतो, मग चालू करायचे आठवते. कोणाचे अन्न नासून तक्रार आली, तर नोकरी गेली.

त्या शुक्रवारी दोघे फ्रँकलिन गावी, होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या शेडवर मुलाखतीला गेले. म्हाताऱ्याचा आवाज नेमका त्याच सकाळी बसलेला. मायक्रोफोनपुढे त्याचा पुतण्या रूरी येऊन बसला... केसांत लाकडाचा भुसा, आणि आवाज असा, की टॅम्सिन यंत्राऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली.

फ्रिजची वायर काढून तिने आत किल्ल्या ठेवल्या; गाडी मर्व्हची होती, म्हणून घराच्या. तेवढ्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला. तो थांबेपर्यंत चहा.

"म्हणजे लोकांचे आवाज पळवणं, हे तुमचं काम," रूरी म्हणाला.

"उसने घेतो."

"परत कधी मिळतो?"

"मंगळवारी. बातम्यांनंतर."

शेवटी जागेची शांतता एक मिनिट टिपायची असते, तुकडे जोडताना मध्ये भरायला लागते. साठ सेकंद दोघे समोरासमोर, न हलता. तिच्या कानांवर हेडफोन... त्याचा श्वास त्याच्यापेक्षा तिलाच जास्त ऐकू येत होता.

मग मर्व्हने हॉर्न दिला आणि ती निघाली. घराच्या दारात तिचा हात खिशात गेला, तेव्हा खिसा रिकामा होता. शेड सोमवारपर्यंत बंद. फोन नुसता वाजत राहिला.

सोमवारी रूरी स्वतःच किल्ल्या घेऊन रेडिओ केंद्रात आला. किल्ल्या कुठे सापडल्या, असे मर्व्हने विचारले.

"बाकावर," रूरी म्हणाला.

मर्व्हने किल्ल्या नाकाजवळ नेल्या. "बाकावर मासे ठेवता वाटतं?"

"कधी कधी."

मर्व्हने आधी त्याच्याकडे पाहिले, मग पांढऱ्याफटक पडलेल्या टॅम्सिनकडे. "सर्दीनं माझं नाक चालत नाहीये," म्हणाला, किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि चहा करायला गेला.

"किती गेलं?" तिने हळूच विचारले.

"अकरा ट्राउट मासे. काकाचा आवाज ताबडतोब परत आला."

"मग तक्रार—"

"करणार होता. म्हटलं, फ्रिज मीच बंद केला." तो एक पाऊल पुढे आला. "त्या मिनिटात बोलायचं नाही, असं तू सांगितलं होतंस. आता बोलू?"

"बोल ना..."

"मला तू आवडतेस. साठही सेकंद आवडत होतीस."

तिने किल्ल्या खिशात टाकल्या. "त्या शांततेतले दहा सेकंद कार्यक्रमाला लागले," ती म्हणाली. "उरलेले पन्नास मी ठेवून घेतलेत. माझ्यासाठी."

रूरीने तिचा हात हातात घेतला. हाताला माशांचा वास होता. कोणाच्या, ते आता सांगता येत नव्हते.

"टॅम्सिन... एक मागू?"

"माग."

"फ्रिजमागे सहा वायरी लोंबतायत. तू कुठली काढलीस, तेवढी येऊन लाव."