लाल रेनकोट आणि बर्चचं रान

"अहो, बाजूला व्हा! माझा सूर्य अडवताय तुम्ही!"

भर रानात असं कुणी ओरडलं तर माणूस दचकणारच. मी दचकले, पाय घसरला आणि थेट चिखलात बसले. समोर बर्चच्या पांढऱ्या खोडांच्या झाडांत एक उंच मुलगा, हातात प्रकाश मोजायचं यंत्र, गालावर डास… आणि हसू काही केल्या दाबता येत नव्हतं त्याला.

"सूर्य तुमचा कधीपासून?" मी फणकारले.

"ढग सरकल्यापासून. सकाळपासून वाट बघतोय त्याची. मी ताउरी. आणि तुम्ही?"

"हेलेरी. तार्तूच्या विद्यापीठातून आलेय. हे अख्खं रान मी संगणकात उभं केलंय, पानापानासकट! ऊन कुठल्या पानावर आपटतं, तिथून कुठे उसळतं, सगळं माझा प्रोग्रॅम सांगतो."

"मग इथे कशाला आलात? चिखलात बसायला?"

खरी पानं बघायला आले होते… मग येतच राहिले. तो मोजायचा, मी शेजारी उभी राहून बडबडायचे. काळ्या पावावरची खारी मासळी दोघांत वाटून खाता खाता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

पण माझ्या प्रोग्रॅमचा हिशेब काही ताउरीनं रानात मोजलेल्या आकड्यांशी जुळेना. आमच्या प्रमुख इम्बीबाईंनी सरळ सांगितलं, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर हे काम बंद." म्हणजे मी परत बेटावरच्या घरी, आईच्या दुकानात. आणि ताउरी इथे!

पुन्हा आकडे काढून बसले. निळा प्रकाश बरोबर होता, पण लाल जास्त. लाल तर पानं गिळून टाकतात, मग हा आला कुठून? तोही फक्त मी रानात जायचे त्याच दिवशी…

माझी नजर खुंटीवर गेली. माझा लालभडक रेनकोट! डासांच्या भीतीनं कडक उन्हातही तो माझ्या अंगात असायचा, आणि त्यावरून उसळलेलं लाल ऊन शेजारच्या यंत्रात शिरायचं.

काळा स्वेटर चढवला, रेनकोट तसाच पिशवीत कोंबला आणि बसकडे धावले.

"यंत्राजवळ काळे कपडे घालायचे आणि लांब उभं राहायचं," रानात पोचल्या पोचल्या मी कडाडले. "हा नियम तुला ठाऊक नव्हता?"

"होता."

"मग बोलला का नाहीस?"

त्याचे कान लालेलाल झाले. "रोज ठरवायचो, आज सांगतो म्हणून… पण सांगितलं असतं तर तू लांब उभी राहिली असतीस."

"शहाण्या, अरे माझं काम बुडत होतं!"

"चुकलो. खरंच चुकलो. ऊन आहे, आत्ताच मोजू या. जा, त्या झाडामागे जा!"

मी काळ्या स्वेटरमध्ये झाडामागे श्वास रोखून उभी राहिले. त्यानं मोजलं आणि आकडे तिथूनच ओरडून सांगितले. मी ते लॅपटॉपवर भरले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक माझ्या रानाची, एक खऱ्या रानाची… आणि दोन्ही एकावर एक!

"जुळलं! ताउरी, जुळलं!"

"माझी मोजणी संपली," तो यंत्र पेटीत ठेवत म्हणाला.

"मग?"

"मग अजून लांब का उभी आहेस?"

मी पिशवीतून लाल रेनकोट काढला, अंगात घातला, आणि त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले.