उजवा अंगठा

नवा फोन नागोरावला पहिल्या दिवशीच आवडला नाही. ओल्या साबणासारखा निसटत होता. धरायला अंगठा लागतो, आणि नागोरावचा उजवा अंगठा मुळापासून नव्हता. चार महिन्यांपूर्वी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली तुटला होता.

फोन मुलीने, ज्ञानेश्वरीने, बोईसरच्या बाजारातून आणला. सोमवारी पालघरला कामगार अधिकाऱ्यापुढे नुकसानभरपाईची सुनावणी होती आणि हॉस्पिटलचे फोटो जुन्या बटणांच्या फोनवर दाखवता येत नव्हते. कंपनी म्हणत होती, नागोराव दोन पस्तीसला अंगठा लावून धडधाकट बाहेर पडला, पुढचं आम्हाला माहीत नाही. नागोराव सांगत होता, अंगठा दोन वीसलाच तुटला. पण हजेरीच्या मशीनवर दोन पस्तीसला त्याच्याच उजव्या अंगठ्याची नोंद होती. मशीन खोटं बोलत नाही, असं सुपरवायझर कमलाकांतने लिहून दिलं होतं. त्या वाक्याने नागोरावची झोप उडाली होती.

ज्ञानेश्वरीने त्याच्या डाव्या हाताचं बोट फोनमध्ये नोंदवलं. ठेवा, उचला, पुन्हा ठेवा, असं बारा-तेरा वेळा झालं. इतक्यांदा तर पोलीसबी बोट घेत न्हाईत, म्हणून तो करवादला.

दुपारी त्याने खाटेवरचा फोन सवयीने उजव्या हातात उचलला. काचेवरच्या बोट टेकवायच्या गोल खुणेवर काहीच टेकलं नव्हतं. फोन उघडला.

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तो तिच्यावर भडकला. तिने फोन बंद करून परत दिला. पुन्हा उघडला. तिने फोनमधली सगळी बोटं पुसून टाकली, नुसता पिनचा आकडा ठेवला. तरी उघडला.

"बाबा, हात धुऊन बघा," ती म्हणाली.

त्याने हात धुतला. फोन उघडला. खुणेवरची काच कोमट लागत होती आणि तिला प्रेसच्या तेलाचा वास होता.

शनिवारी पहिली पाळी सुटायच्या वेळी तो कारखान्याच्या गेटपाशी उभा राहिला. आतल्या बाजूला, हजेरीच्या मशीनजवळ, कमलाकांत होता. चिंचणीचा माणूस, नऊ वर्षांची ओळख, डब्यातले बोंबील वाटून खाल्लेला.

"नवा फोन काय रे? भारी हाय," कमलाकांत गेटच्या गजांतून म्हणाला. "आमची बदनामी करून फायदा झाला मंग."

नागोरावने आवाज चढवला नाही. डॉक्टरने तुटलेला तुकडा मागितला होता, लवकर आणा, जोडून बघतो म्हणाला होता. कमलाकांतने तेव्हा सांगितलं होतं, सापडला नाय.

"दोन वीस ते दोन पस्तीस," नागोराव म्हणाला, "माझा अंगठा कुणाच्या हातात व्हता?"

रेकॉर्डिंग चालू आहे की काय, म्हणून कमलाकांतने गजांतून हात घालून फोन ओढून घेतला. त्याचा उजवा अंगठा काचेवर टेकला.

फोन उघडला.

त्याने बंद केला, डावा अंगठा लावून पाहिला. काही नाही. उजवा लावला. उघडला.

"आमी काय केला नाय," तो म्हणाला. "वरून सांगितला, तेवढाच."

नागोरावने फोन परत घेतला. भोंगा झाला, आतून कामगारांची रांग आली. कमलाकांत तिथून सुटायच्या घाईत रांगेच्या पुढे घुसला आणि मशीनवर अंगठा दाबला.

मागचा माणूस पडद्यावरचं नाव वाचून हसला. मग हसायचा थांबला.

नागोराव. आउट.

कमलाकांतने अंगठा पॅन्टला घासला. पुन्हा दाबला.

नागोराव. आउट.

कमलाकांत अंगठा घासतच गेटकडे वळला. आउट झाल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, असा नियम होता. वॉचमनने आपल्या पडद्यावरची यादी पाहिली आणि गेटला कडी घातली.

"साब," तो म्हणाला, "आपका आउट नहीं हुआ. आप अंदर ही हो."