पाकिटातली चाल

आपण बुक केलेल्या रूममध्ये दुसरंच कोणीतरी ऐसपैस बसलेलं दिसलं की माणसाचं डोकं फिरणारच. नेत्राचं तर आधीच फिरलेलं होतं. दिवसभर मीटिंगा, मग हायवेवर पाऊण तास एकाच ट्रकच्या मागे, आणि आता सहा वाजून दहा मिनिटांनी नेपरव्हिलच्या लायब्ररीतली ही चार नंबरची स्टडी रूम! आत चष्मा लावलेला एक तरुण, फ्लीसचं जॅकेट घातलेल्या एक काकू आणि दोघांच्या मध्ये लाकडी पट.

नेत्रा दार ढकलून आत गेली. "एक्स्क्यूज मी, सहापासून ही रूम माझी आहे."

तरुणाने मान वर केली नाही. नुसतं एक बोट वर केलं आणि चक्क मराठीत पुटपुटला, "दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटं पंचवीस मिनिटं चालली. नेत्रा आधी हाताची घडी घालून उभी राहिली, मग तिने घड्याळ पाहिलं, मग सुस्कारे टाकले, आणि शेवटी थकून त्याच्या बाजूची रिकामी खुर्ची ओढून बसली. बाहेर ऑक्टोबरचा उजेड विझत आला, खिडकीची काच काळी झाली, तेव्हा कुठे त्या माणसाने एक टोकदार सोंगटी उचलली आणि टक्‌ करून पटावर ठेवली. मग त्याने वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"सॉरी... तुम्ही मराठी?"

"नागपूरची. परवा माझी सर्टिफिकेशनची एक्झाम आहे, आणि माझी पंचवीस मिनिटं खाल्लीत तुम्ही."

"हा राजस," काकूच पुढे झाल्या. "सांगलीचा, म्हणजे बुद्धिबळ याच्या रक्तातच. पण याला जपानी बुद्धिबळाचं वेड लागलं, शोगीचं. मी मालिनी काकू. आमचा क्लब आहे."

"किती जणांचा?"

"तुला धरून तीन," काकू शांतपणे म्हणाल्या.

राजसने एक सोंगटी तिच्यापुढे सरकवली. "यात मारलेली सोंगटी मरत नाही. ज्याने मारली, त्याच्या बाजूने खेळायला लागते."

"वा! म्हणजे गद्दारांचा खेळ."

"आणि तिला पटावर हव्या त्या रिकाम्या घरात बसवता येतं." त्याने तिच्या खुर्चीकडे पाहिलं. "तुम्ही आत्ता माझ्या बाजूला बसलात... तशी."

नेत्रा चटकन उठली. पण पुढच्या गुरुवारी सहा वाजता ती पुन्हा त्याच खुर्चीत होती. परीक्षा होऊन गेली होती, रूमचं तिला काही काम नव्हतं, आणि याचं कारण तिने स्वतःलाही विचारलं नाही.

राजससारखा वैतागवाणा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. हायवेवर लेन बदलायची तर तो तीनदा आरसा बघणार, तोवर एक्झिट मागे पडणार. सिनेमाला येतोस का विचारलं, तर फोनवर अकरा मिनिटं 'टायपिंग' दिसणार आणि शेवटी एकच शब्द येणार, 'हो'. तिला खेळ शिकवून तिच्याशी मांडलेला शोगीचा एक डाव तर नोव्हेंबरपासून चालू होता. दर गुरुवारी काकू पटाचा फोटो काढून ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात तसाच मांडायच्या.

पण चहात तिला आलं चालत नाही, हे त्याने एकदाच ऐकून लक्षात ठेवलं होतं. बर्फ पडायला लागल्यापासून तिच्या गाडीची काच तोच साफ करायचा, वायपरच्या खालचा कोपरासुद्धा न सोडता. जपानमध्ये र्‍यूओ नावाच्या मोठ्या किताबाची लढत सुरू होती. सात डावांच्या त्या लढतीत खेळाडूंनी दुपारी काय खाल्लं याचीही तिकडे बातमी होते, आणि चाहते मुद्दाम तेच खातात. एकदा गतविजेत्याने संत्र्याचा केक घेतला, तर राजस तीन दुकानं पालथी घालून संत्र्याची बर्फी घेऊन आला.

"केक नाही मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला होता," तो पटाकडे बघत म्हणाला. "पण... नागपूरची आहेस ना तू."

असं काहीतरी बोलायचं आणि पुन्हा पटात डोकं घालायचं! त्याच्या डोक्यात पटच हाणावा असं तिला वाटे. आणि हेही खरं, की ती त्याच्या प्रेमात पडली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दोघं जेवायला बाहेर गेली. इडली घ्यावी की डोसा यावर राजसचं चिंतन चालू असताना नेत्राने सांगून टाकलं. "आमची टीम प्लेनोला चाललीय, टेक्सासला. मला लीड करतायत. शुक्रवारी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

त्याने मेनू खाली ठेवला. "तुला व्हायचंय लीड?"

"पाच वर्षं वाट बघतेय मी याची, यार."

"हं." त्याने मेनूचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. "विचार करतो."

"तू? तू काय विचार करणार? जायचं मला आहे!"

तिला प्लेनो हवं होतं आणि हा माणूसही हवा होता. त्याने एक शब्द बोलायचा होता. 'नको जाऊ' म्हणाला असता तर ती भांडली असती, 'मीही येतो' म्हणाला असता तर तिथेच रडली असती. पण मागून घेतलेलं प्रेम तिला नको होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. राजसकडून तीन मेसेज आले, तिन्ही बर्फाच्या अंदाजाचे.

गुरुवारी लायब्ररीत लॅपटॉपवर र्‍यूओचा सातवा, शेवटचा डाव सुरू झाला होता. तीन-तीन अशी बरोबरी. तिकडे शुक्रवारची सकाळ, दोन दिवस चालणारा डाव. इकडे दोघांचा नोव्हेंबरातला डाव मांडलेला, चाल राजसची, आणि आठ वाजेपर्यंत त्याने एकही सोंगटी हलवली नाही.

"टाइम संपला," नेत्रा म्हणाली.

"मग मी चाल बंद करतो," राजस म्हणाला.

तिला कळेना. काकूंनी सांगितलं, "किताबाच्या डावात पहिल्या दिवशी संध्याकाळी ज्याची पाळी असते, तो आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करतो. पाकिटावर दोघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी पंच उघडतो. मधल्या वेळात त्याला ती बदलता येत नाही आणि समोरच्याला कळत नाही."

राजस कोपऱ्यात पाठ करून लिहीत बसला. काकूंच्या पर्समध्ये लग्नात आहेराला देतात तसलं, गणपती छापलेलं एक पाकीट निघालं. त्याने कागद आत घातला, पाकीट चिकटवलं आणि जोडावर सही केली. मग पेन तिच्यापुढे धरलं.

"उद्या सहाला उघडायचं. तिकडे उघडतील तेव्हाच."

"उद्या पाचला माझं आयुष्य ठरणार आहे, राजस. आणि तू मला लाकडाच्या ठोकळ्यासाठी सही मागतोयस?"

"प्लीज," तो म्हणाला. तिने रागारागाने, कागद फाटेल अशी सही केली. पार्किंगमध्ये मात्र तो आधीच पोचून तिच्या गाडीची काच पुसत होता, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

शुक्रवारी चार वाजून बावन्न मिनिटांनी तिने 'हो' कळवलं. टीममधल्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली, थँक्यू म्हणाली, आणि गाडीत बसून मनसोक्त रडली. मग डोळे पुसून लायब्ररीत गेली. एकदाचं सांगून मोकळं व्हायचं होतं.

"मी हो म्हटलं," आत शिरताच ती म्हणाली. "जानेवारीत जातेय. उघडा तुमचं ते पाकीट."

राजसने नुसती मान हलवली. काकूंनी कात्रीने पाकीट कापलं, चष्मा सारखा केला, कागद उलगडला... आणि तशाच बघत राहिल्या. मग त्यांनी तो नेत्रासमोर ठेवला.

पटाची आकृती होती. राजसच्या राजाभोवती लाल वर्तुळ. त्यातून निघालेला बाण खाली, आणखी खाली, पट ओलांडून, समास ओलांडून कागदाच्या तळाशी गेला होता. तिथे लिहिलं होतं: 'नेत्रा गेली तर प्लेनो. नाही गेली तर राजा इथेच.'

नेत्राने ते दोनदा वाचलं. "म्हणजे तू... काल? तू काल हे लिहिलंस?"

"सोमवारी मॅनेजरला विचारलं. डॅलसला ऑफिस आहे आमचं, प्लेनोच्या शेजारीच. बुधवारी तो हो म्हणाला. व्हिसाचे पेपर्स फाइल करायचेत... फेब्रुवारी उजाडेल."

"आणि मला सांगितलं नाहीस! बावळट! पाच दिवस झोपले नाहीये मी!"

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघून ठरवलं असतंस." प्रथमच तो न थांबता बोलत होता. "लीड तू मिळवलीयस, मी नाही. तुझी चाल तू खेळायची होतीस. मला फक्त माझी आधी लिहून ठेवायची होती... मी नंतर ठरवलं असं तुला कधी वाटू नये, म्हणून."

नेत्राने तो कागद तिसऱ्यांदा वाचला. काकूंनी मात्र पंचाचं काम सोडलं नाही.

"राजस, राजा एका वेळी एकच घर चालतो. पटाबाहेर तर नाहीच नाही. नियमबाह्य चालीला काय होतं?"

"तिथल्या तिथे हार."

"मग सांग तसं. हरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. कागदावर नाही चालत." आणि चहा आणते म्हणून काकू बाहेर गेल्या. त्या लायब्ररीत चहा मिळत नाही.

राजस ताठ बसला. जपानी रिवाजाप्रमाणे हात मांडीवर ठेवून तो तिच्यापुढे वाकला.

"हरलो," तो म्हणाला. "नेत्रा, मला तू आवडतेस. खूप. त्या पहिल्या पंचवीस मिनिटांपासून."

"खोटारड्या! तू तर मान वर करूनही पाहिलं नव्हतंस!"

"खिडकीच्या काचेत दिसत होतीस... चिडलेली." त्याचे कान लाल झाले. "चाल मला पाच मिनिटांतच सुचली होती."

नेत्राच्या तीन महिन्यांच्या सगळ्या वैतागाचं हसू झालं. लॅपटॉपवर तिकडच्या पंचाने पाकीट उघडलं होतं, पण दोघांपैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही.

"आणि... तुझं काय?" राजसने विचारलं.

नेत्रा त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली, त्याच्याच बाजूला. त्याचा हात तिने आपल्या हातात घट्ट धरला आणि गंभीर चेहरा करून पटाकडे पाहू लागली.

"विचार करते," ती म्हणाली. "दोनच मिनिटं."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच राजसने घाईघाईने घड्याळ पाहिलं.