वीतभर भद्द आवाज

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. मला वाद घालायचा नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घडलं. गेल्या वर्षी, मंगळवार ते शनिवार. आणि रात्रीबित्री नाही...

भर दुपारी.

मी बोटींचं लाकूडकाम करतो. घरात मला ठोक्या म्हणतात, कारण दिसेल ती वस्तू मी ठोकून बघतो. टेबल, दार, कलिंगड. ताई सगळ्यांना सांगायची, याला मुलगी बघायला नेलं तर हा तिच्या घरचा सोफा ठोकत बसला.

दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, हौसेने एक जुनी फायबरची बोट घेतली होती. शनिवारी पाण्यात उतरवायचीच म्हणून हटून बसले होते.

फायबरची बोट दिसते चकाचक. पण आत तळाशी लांब लाकडी तुळया असतात, फायबरमध्ये गुंडाळलेल्या. सगळी बोट त्यांच्या जिवावर. पाणी मुरलं की त्या आतल्या आत कुजतात आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

कळतं ते फक्त आवाजावरून. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. चांगलं लाकूड टक्क वाजतं.

कुजलेलं... भद्द.

जुनं लाकूड मी आदल्या आठवड्यातच काढलं होतं. चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. सोमवारी नव्या तुळया बसवल्या, वर फायबरचं कापड आणि ते चिकटवून दगडासारखं कडक करणारं रेझिन चढवलं. मंगळवारी दुपारी सगळं कडक झाल्यावर ठोकत निघालो.

टक्क. टक्क. टक्क...

भद्द.

वीतभर जागा. उन्हाने शेडचा पत्रा सारखा तडतडत असतो. त्या क्षणी तोही थांबला.

मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. लाल खडूने खूण केली आणि तेवढं कापून उघडलं. लाकूड कोरडं ठाक. खिळा मारला तर खिळा वाकला. पुन्हा बंद केलं.

बुधवारी ती जागा टक्क वाजली. जीव भांड्यात पडला.

मग वीतभर पुढे...

भद्द. पत्रा पुन्हा गप्प.

मी ताईला हाक मारली, म्हटलं माझेच कान वाजत असतील. तिने वाकून कान लावला. मी ठोकलं.

"ओलं वाजतंय रे," ती म्हणाली.

उघडलं. कोरडं. आत नव्या लाकडाचा वास.

गुरुवारी तो आवाज आणखी पुढे सरकला होता, बरोबर चालवणाऱ्याच्या सीटखाली. दाजी रोज दुपारी चहाचा कप घेऊन त्याच सीटवर बसायचे. एक हात सुकाणूच्या चाकावर, तोंडाने इंजिनाचा आवाज. पन्नाशीचा माणूस! त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. तीन लाल खुणा एका रांगेत, त्यांच्या पायांकडे येणाऱ्या.

तीही जागा उघडली आणि बंद केली.

शुक्रवारी अख्खी बोट टक्क वाजली. दोनदा तपासली. कुठेही भद्द नाही. मी इतका खूश झालो की दाजींना मिठीच मारली. ते हसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि छाती पुढे केली.

"ठोक्या, आता मलाही वाजवून बघ."

मी गमतीत दोन बोटांनी वाजवलं.

भद्द.

माणसाची छाती कशी वाजते ते मला माहीत आहे. हा आवाज छातीचा नव्हता. हा ओल्या लाकडाचा होता.

आणि पत्रा... गप्प.

काय सांगणार होतो मी त्यांना? रेझिन अजून कच्चं आहे, उद्या बोट नको, अशी थाप मारली. बिचाऱ्यांनी लगेच मानलं. संध्याकाळी, माझंच डोकं दुखतंय, सोबत चला, म्हणून त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि तिथे त्यांनाच तपासायला लावलं. डॉक्टरांनी नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली. मग छातीवर दोन बोटं ठेवून ठोकून पाहिलं.

मी दाराशी उभा होतो. मला ऐकू आलं. डॉक्टरांना नाही.

"एकदम ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

दाजींनी मला येताना वाटभर चिडवलं. मी रात्रभर ताईच्या घरीच राहिलो. दर तासाला उठून त्यांचा श्वास ऐकत होतो.

शनिवारी बोट शेडमध्येच राहिली. दुपारी जेवण झालं. दाजी आतल्या खोलीत खुर्चीत बसले, ताईने चहा ठेवला. मी दोन मिनिटांसाठी हत्यारं आवरायला शेडमध्ये गेलो.

दोनच मिनिटं.

पत्रा तडतडत होता...

आणि थांबला.

मी हातातली हातोडी टाकून धावलो. दाजी खुर्चीतच होते. चहाची वाफसुद्धा गेली नव्हती.

बोटीला जपत बसलो मी. बोटीला काही झालंच नव्हतं. आणि कळल्यावर तरी मी काय केलं? लाकूड असतं तर कापून बदललं असतं. ही बोच जात नाही.

त्यानंतर मी ठोकणं सोडलं. कलिंगडसुद्धा दुकानदार देईल ते घेतो. ताईला मी शुक्रवारचं काहीच सांगितलं नाही. तिने मात्र एकदा विचारलं होतं, तो ओला आवाज शेवटी गेला कुठे? मी म्हटलं, गेला.

गेल्या मंगळवारी दुपारी तिच्याकडे गेलो होतो. वर्षभराने ती पहिल्यांदा माझ्या सोफ्याचा किस्सा सांगून हसली. मलाही हसू फुटलं आणि चहाचा जोरात ठसका लागला. ती उठली, माझ्या मागे आली आणि पाठीवर थापटू लागली.

एकदा. दोनदा.

तिचा हात थांबला.

मागे शेडचा पत्रा इतका वेळ तडतडत होता. आता तोही गप्प होता.

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. गेल्या वर्षी त्या बुधवारी तिनेही कान लावला होता. तो ओला आवाज तिलाही ओळखता येतो.



ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हळूच... आवाज होणार नाही असा.