पाठीवरची वेळ

मार्कर आणायला मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जायचे. दोन काळे, जाड टोकाचे. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र दिसलं की दुकानदार लांबूनच डबा सरकवायचा, आणि मी वळले की काउंटर पुसायचा. संध्याकाळी गॅलरीतून टाळ्या वाजवणाऱ्यांतही तोच पुढे.

साथीच्या वॉर्डबाहेरच्या खोलीत माझं काम. आत जाणाऱ्याला पांढरं किट चढवायचं, मनगटाला टेप लावायची आणि पाठीवर नाव लिहायचं. किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे पाठ वाचून हाक मारायची. वॉर्डबॉय 'मामा', उंच डॉक्टर 'लंबू'. आणि माझी सख्खी बहीण 'ताई', कारण महिनाभरात ती सगळ्या वॉर्डाचीच ताई झाली होती. मी नर्सिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलेली, म्हणून दाराच्या बाहेर.

बाबा फोनवर नातेवाइकांना सांगायचे, "पोरगी सेवा करतेय." तीच पोरगी दमून घरी आली की तिचं ताट जिन्यात ठेवून दार लावून घ्यायचे. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

आणि आमचे मोठे साहेब. 'मनोबल' हा त्यांचा लाडका शब्द. फाटके हातमोजे बदलून मागितले तर प्रत्येकी एक गुलाब आला. दोन दिवस सुट्टी मागितली तर पोर्चमध्ये कार्यक्रम, भाषण आणि फोटो.

त्या फोटोनेच घात केला.

छडीबाई म्हणजे वॉर्डच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. कॉलेजात आम्हा दोघी बहिणींना त्यांनीच शिकवलेलं. शिरोरेषा न देता लिहायच्या आणि प्रत्येक नोंदीखाली वेळ टाकून दोन रेघा ओढायच्या. "वेळ नसलेली नोंद म्हणजे थाप," असं म्हणायच्या. मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे मोठे ओरडले. त्या एकट्याच म्हणाल्या, "दमलीयस. दम खा. येशील."

तिसऱ्या आठवड्यात त्याच आजारी पडल्या. बेड चार. ताई त्यांचा हात धरून बसलेली असताना साहेबांचा निरोप आला, चार वाजता सगळ्यांनी खाली या, मनोबल वाढवायचंय. आत एकच सिस्टर ठेवली. तीही दुसऱ्या टोकाला अडकली. ताई फोटोत पहिल्या रांगेत उभी आहे, बघा कधी. त्या फोटोच्या वेळी, चार वाजून दहा मिनिटांनी, छडीबाई एकट्या गेल्या.

ताईने कुणाला दोष दिला नाही. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला फक्त.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहिली पाठ दिसली. मामा बाहेर आला, मी किट कापायला घेतलं. पाठीवर मी लिहिलेल्या 'मामा'खाली आणखी एक ओळ होती.

'पाणी पी. ११.२०'

"कोणी लिहिलं रे?"

"आत कुठाय पेन?" मामा म्हणाला.

खरंच होतं. आत पेन न्यायचंच नाही असा नियम. नोंदी काचेतून सांगायच्या आणि बाहेर मी लिहायच्या. माझे दोन्ही मार्कर टेबलाला दोरीने बांधलेले. मामाने डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, "अकरा वीसला मला चक्कर आली होती. कुणीतरी मागून सावरलं... मला वाटलं लंबू. पण लंबू तर बाहेर होता."

अक्षरांना शिरोरेषा नव्हती. वेळेखाली दोन रेघा.

मग रोज एखाद्या पाठीवर यायचं. 'बेड नऊ वाचला, तुझ्यामुळे. १.०५.' 'रडलीस तरी चालेल. १२.४०.' वेळ नेहमी घडून गेलेली, मिनिटाला मिनिट जुळणारी. कुणी साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी त्याचंही प्रमाणपत्र काढलं असतं. पण मी दारातून बघत होते. राजीनाम्याची भाषा करणारे बाहेर आले की गुपचूप पाठ फिरवून उभे राहायचे. "बघ ना... काही आहे का माझ्यावर?"

ताईच्या पाठीवर मात्र कधीच काही आलं नाही. ती विचारायचीही नाही.

मग तो दिवस. पुन्हा चारला कार्यक्रम, या वेळी बॅज वाटप. ताई सकाळीच म्हणाली, "आज साहेबांच्या हातात देऊन टाकते कागद."

"दे," मी म्हणाले. मलाही तेच हवं होतं. कशाला मरायचं या लोकांसाठी?

दुपारी बाराला मामा उकाड्याने खाली बसला. आत माणूस हवं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच किट ओढलं. तिने पहिल्यांदाच माझ्या पाठीवर लिहिलं, 'छोटी'.

तीन तास. डोळ्यांपुढच्या काचेवर वाफ, स्वतःच्याच श्वासाचा आवाज, औषधाचा आणि घामाचा वास. मी बेडपॅन उचलले, कुशी बदलल्या, बेड चारच्या बसड्रायव्हर काकांना पाणी पाजलं. मी बाहेरून शिव्या घालत होते तेव्हा माझी बहीण आत काय करत होती, ते मला त्या दिवशी दिसलं. अठरा माणसं तिच्या पावलांच्या आवाजावर तग धरून होती. एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

साडेतीनला दोघी बाहेर आलो. ताई कात्री घेऊन माझ्या मागे आली आणि थांबली.

"काय गं?"

 मी भिंतीवरच्या आरशात मान वळवून पाहिलं. उलटी अक्षरं जुळवत वाचलं.

'आलीस ना. बेड चार. एकटं सोडू नका दोघी. ४.१०'

घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

"ही वेळ..." ताई कुजबुजली, "अजून व्हायचीय."

खालून माइकची खरखर आली. साहेबांचा माणूस दारात येऊन म्हणाला, "चला मॅडम, फोटोला थांबलेत सगळे."

"साहेबांना सांग," ताई म्हणाली, "फोटोत जागा रिकामी ठेवा. शोभून दिसेल."

तिने दोन नवी किटं काढली. "वळ. टेप लावते."

चार वाजून दहा मिनिटांनी बेड चारची ऑक्सिजनची नळी सांध्यातून निसटली. ताईचा हात आधीच तिथे होता. मी काकांचा उजवा हात घट्ट धरून ठेवला. पुढची मिनिटं मी मोजली नाहीत, पण ती संपली. काकांचा श्वास परत आला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून क्षीण हसले. मग मान डावीकडे वळवून म्हणाले, "त्या बाईंनाही सांगा... आता सोडा म्हणावं हात. कधीच्या धरून बसल्यात, अवघडला असेल त्यांचा."

ताईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बेड चारची डावी बाजू भिंतीला चिकटून होती.