'रन' आणि बांगडीवाला

पिरंगुटच्या घाटात एसटी बंद पडली आणि कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. श्रावणातली भुरभुर, साडीचा काठ चिखलात, आणि पौड अजून लांब. त्यात शेजारी येऊन उभा राहिला बांगडीवाल्या नबीलालचाचांचा इस्माईल. काखेत बांगड्यांची पेटी, हातात इंग्रजीचं पुस्तक. छत्री पुस्तकावर धरलेली, स्वतः मात्र भिजत होता.

"तुमी साबेरा ना? अलाउद्दीनचाचांची? मॅट्रिकला इंग्रजीत पयल्या आलेल्या?"

"बरं मग?"

"ह्या 'रन'चा अर्थ सांगा. पर एकच सांगा."

"एक नाही त्याला. पळणं म्हणजे रन. दुकान चालवणं म्हणजे रन. नदी वाहते ती रन, कापडाचा रंग जातो तो रन, सर्दीनं नाक गळतं तेही रन."

त्याने बंद पडलेल्या बसकडे पाहिलं. "आन ही?"

"चालू झाली की तीही."

"त्येंच्यात दुसरे शब्दच न्हाईत का?"

"आहेत की. फ्लो आहे, मॅनेज आहे, ऑपरेट आहे..."

"म्हंजे 'रन' ही धाकटी सून. पाणी तिनंच भरायचं, भाकरी तिनंच थापायच्या, आन ह्या मोठ्या जावा नटून बसणार. लई वाईट घर हाय हे."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

इस्माईल इंग्रजीत दोनदा नापास झाला होता. ऑक्टोबरात पुन्हा बसणार होता. नबीलालचाचांनी अब्बांना गळ घातली आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्याची शिकवणी सुरू झाली. पलीकडे अम्मी तांदूळ निवडत बसायची. अब्बा कचेरीत कारकून, म्हणून आमचं बोलणं जरा शाळेतलं. याचं बोलणं बाजारातलं, आणि डोकं तर देवाघरचं. सरळ वाक्य सरळ वाचेल तर शपथ.

"'शी रन्स द हाउस'... ती घरात पळती?"

"ती घर चालवते."

"पळत पळत?"

"बसून."

"हां... तुमच्यावानी."

अम्मीने सुपातून मान वर केली. मी घाईघाईने पान उलटलं. चुकीचं उलटलं.

तो मला आवडायला लागला होता, हे मी स्वतःशी कबूल केलं ते चिडूनच. दुपार कलली की माझे कान उंबऱ्याशी. त्याच्या पेटीतल्या काचा किणकिणल्या की मी आरशासमोरून पळायचे. आणि तो यायचा, बसायचा, 'रन'शी भांडायचा आणि निघून जायचा. बाकी चकार शब्द नाही.

"बांगड्या भरायला मॅट्रिक कशाला लागतंय तुम्हाला?" एकदा मी विचारलंच.

"असंच..." माझ्याकडे बघता बघता त्याने नजर ओट्याखालच्या कोंबडीवर नेली. "निकाल लागला की सांगीन."

निकालाला अवकाश होता. खडकीच्या स्थळाला मात्र नव्हता. कारखान्यातला क्लार्क, पास झालेला, कंपनीची खोली मिळालेला. रविवारी ते लोक मला बघायला येणार होते. हे मी इस्माईलला मुद्दाम, स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याने पुस्तकाचं पान उलटलं. मग त्याने 'ऑपरेट'चं स्पेलिंग विचारलं. पुस्तक त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं मला.

खडकीकर येणार म्हणून अम्मी मला बाजारात बांगड्या भरायला घेऊन गेली. नबीलालचाचांच्या पालाखाली बायकांची ही गर्दी. इस्माईल मध्ये बसलेला. सगुणाबाईंचा राकट हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या, रंभाबाईंची थट्टा केली, एकीची जुनी बांगडी अलगद उतरवली. मग माझा नंबर आला. मी हात पुढे केला. जीव नुसता मनगटात गोळा झाला होता.

त्याने हात मागे घेतला.

"अम्मी," स्वतःच्या आईला हाक मारून तो उठला, "हिच्या हातात तू भर." आणि सरळ चहाच्या टपरीकडे निघून गेला.

त्याच्या आईने, जोहराबींनी, माझा हात हातात घेतला. सगळ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, कुणी पदराआड हसत होती. भर बाजारात माझी शोभा झाली होती. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या संध्याकाळी तो पुस्तक घेऊन हजर. मी पुस्तक हिसकावलं आणि 'तुम्ही' तिथंच गळून पडलं.

"अख्ख्या तालुक्याचे हात धरतोस तू. माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"हळू बोला..."

"नाही बोलणार. का उठलास?"

त्याचे कान लाल झाले. "आमच्या घरची रीत हाय. ज्या मुलीला मागणी घालायची, तिच्या हातात निकाहाआदी घरातल्या पुरुषानं बांगडी भरायची न्हाई. अब्बांनी अम्मीला न्हाई भरली. थोरल्या भावानंबी न्हाई भरली भाभीला. बाजारातल्या समद्या बायांना ठावं हाय."

म्हणजे सगुणाबाईंना कळलं, रंभाबाईंना कळलं, पदराआड हसणाऱ्या बायकांनाही कळलं. नवरी तेवढी घरी जाऊन रडली.

"तोंड दिलंय ना देवानं? सांगायला काय झालं होतं?"

"मॅट्रिक पास मुलगी... नापासाला कशी..." तो अडखळला. "पास झालो की सांगणार व्हतो."

"तोवर मी खडकीला गेले असते."

"म्हून तर हात मागं घेतला ना," तो अगदी हळू म्हणाला. "मला ऱ्हावलं न्हाई. साबेरा, दुसऱ्यासाठी तुला बांगड्या माझ्या हातानं... न्हाई जमलं."

त्याच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. राग कुठे ठेवावा मला कळेना. मी तशीच आत गेले आणि अब्बांपुढे उभी राहिले.

"अब्बा, खडकीला निरोप धाडा. येऊ नका म्हणावं."

अब्बांनी चष्म्यावरून पाहिलं. "धाडला कालच. तुझी अम्मी बाजारातून आली, तेव्हाच."

अम्मी सुपात बघून हसत होती.

ऑक्टोबरच्या परीक्षेत इस्माईल तिसऱ्यांदा नापास झाला. निकाल कळला तेव्हा तो आमच्या दारात येऊन मान खाली घालून उभा राहिला. निकाहाची तारीख धरलेली होती, तरी याचा चेहरा असा, जणू मीच त्याला घरी पाठवणार आहे. मी चिडले. मनापासून, पोटभर चिडले. आणि चिडता चिडता लक्षात आलं, की या माणसावर जन्मभर चिडण्याचा हक्क आता माझा एकटीचा आहे. त्या आनंदात मला पुढचं एकही रागाचं वाक्य सुचेना.